पडद्यावर नाव नसलेला ठिपका

सोळा नंबरचं चॅनल कधी गप्प बसत नाही. रात्री अडीच वाजता कुणी परदेशी कप्तान पायलट किती वाजता चढणार ते विचारत असतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत एखादा टगवाला हिंदीत मध्ये बोलतो. कुठल्यातरी मच्छीमार बोटीवर सेटचं बटण दाबलेलंच राहिलेलं असतं, म्हणून तिच्या इंजिनाची धडधड आणि खलाशांच्या गप्पा सगळ्या बंदराला ऐकू जातात. खरं तर जहाजांच्या रेडिओवरचं हे चॅनल हाक मारायला आणि संकटात मदत मागायला जगभर राखून ठेवलेलं. हाक मारली, ओ आली, की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जाऊन बोलायचं, असा नियम. सुरुवातीच्या पाळ्यांत मी हेडफोन लावून बसायचे आणि या गलक्यात आम्हाला कोण हाक मारतंय तेच मला कळायचं नाही. शेजारी बसलेले माझे वरिष्ठ, ज्यांना आम्ही सगळे कॅप्टनसाहेब म्हणतो, तिघांना एकामागोमाग उत्तरं द्यायचे, नोंदवहीत वेळा टिपायचे, आणि तरी त्यांची नजर पडद्यावरून हलायची नाही.

मी आटपाडीची. आमच्या घरात समुद्रावर नोकरी केलेलं कुणी नाही. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली होती, रडारच्या कामाची जाहिरात पाहून अर्ज केला, आणि निवड झाली ती जहाजवाहतूक नियंत्रण कक्षात शिकाऊ म्हणून. राहायला उरणला खोली मिळाली. विमानांसाठी नियंत्रण कक्ष असतो हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. जहाजांसाठीही असतो, हे मला त्या जाहिरातीवरून कळलं. या कामाचा अभ्यासक्रम कोलकात्यात दीपगृह खात्याच्या संस्थेत चालतो. तिथे नियम पाठ झाले, परीक्षाही दिली. पण तिथल्या सिम्युलेटरवरच्या समुद्रात मोजकीच जहाजं असायची आणि प्रत्येकाला नाव असायचं.

इथे पडद्यावर आधी दिसतात ते त्रिकोण. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र बसवलेलं असतं. ते आपलं नाव, जागा, वेग, दिशा, कुठे निघालोय हे सगळं आपोआप सांगत राहतं आणि त्याचा त्रिकोण पडद्यावर उमटतो. त्रिकोणाच्या टोकातून एक रेघ निघते. जहाज आहे त्याच वेगाने, त्याच दिशेने गेलं तर काही मिनिटांनी कुठे असेल, ते ती रेघ सांगते. दोन रेघा एकमेकींना छेदायला लागल्या की यंत्र हिशेब मांडतं: ही दोन जहाजं सर्वांत जवळ किती येतील आणि केव्हा येतील. इथवर माझं डोकं चालत होतं. गणितच आहे ते.

पण त्रिकोणांच्या मधल्या पाण्यात पिवळट ठिपके असतात. रडारची लहर कशाला तरी आपटून परत आली, एवढंच त्यांच्याबद्दल सांगता येतं. ठिपक्याला नाव नाही, वेगाचा आकडा नाही. तो बोया असू शकतो, लाट असू शकते, पावसाची सर असू शकते, किंवा चार माणसं बसलेली लाकडी होडी असू शकते. लाकूड आणि फायबर रडारची लहर फारशी परतवत नाहीत. पावसाळ्यात पडदा असा भरून येतो की होडीचा ठिपका कुठला आणि सरीचा कुठला हे ओळखता येत नाही. यंत्राला पाऊस पुसायला सांगता येतं, पण जास्त पुसलं की पावसाबरोबर होडीही पुसली जाते. हे कळल्या दिवशी मी घाबरले. बटण माझ्या हाताखाली होतं.

ठिपका कसा चकवतो याची एक गोष्ट अलिबाग तालुक्यात सगळ्यांना आठवत असेल. जुलै 2025 च्या पहिल्या आठवड्यात रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर एक संशयास्पद बोट दिसली. पोलीस, तटरक्षक दल, नौदल, सगळे पावसावाऱ्यात शोधायला लागले. किनाऱ्यावर नाकाबंदी झाली. पुढे पोलिसांनी सांगितलं, की तो पाकिस्तानी मासेमारी बोटीच्या जाळ्याचा, यंत्र बसवलेला बोया होता आणि तो वाहत आला होता. म्हणजे पडद्यावर आख्खी बोट दिसते आणि ती जाळ्याचा तरंगता गोळा निघते. उलटही होतं. पडद्यावर काहीच नसतं आणि पाण्यात माणसं असतात. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते.

या पाण्यात गर्दी का आहे, हे नकाशा उघडल्याशिवाय समजत नाही. समुद्राकडून आत यायला तोंड एकच. दक्षिणेला थळसमोर खांदेरी-उंदेरी, उत्तरेला कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्ज दीपगृह. आत शिरलं की डावीकडे मुंबई: नौदलाची गोदी, गेटवे, भाऊचा धक्का, मुंबई बंदराच्या गोद्या. उजवीकडे आपला रायगड: मांडवा, रेवस, धरमतर खाडीचं मुख, पलीकडे करंजा, मग उरणचा मोरा, आणि त्याच्याही आत न्हावा-शेवा. मध्ये घारापुरी आणि तेलाची जहाजं लागतात ते जवाहर द्वीप. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं. मुंबईच्या गोद्या त्याच्या शंभर वर्षं आधीच्या. दोन बंदरं, पण मोठ्या जहाजांना बाहेरून आत यायचा खोल रस्ता एकच. तो गाळ काढून खोल ठेवावा लागतो. आत आल्यावर त्याला फाटा फुटतो.

या उभ्या रस्त्याला आडवी जाणारी वाहतूक वेगळीच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आणि मोऱ्याला लाँच, गेटवेवरून मांडव्याला आणि घारापुरीला बोटी, मार्च 2020 पासून मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी रो-रो. बाहेर नांगरलेल्या जहाजांवरून कोळसा आणि लोहखनिज उतरवून घेऊन डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे धरमतर खाडीत शिरणारे बार्ज. नौदलाच्या नौका, ज्या आपलं नाव दर वेळी पडद्यावर सांगतीलच असं नाही. आणि या सगळ्यांच्या मधे, आधीपासून, मासेमारी.

खांदेरीबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण तिथला दिवा मला आमच्या कामाचा पूर्वज वाटतो. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये त्या बेटावर तट बांधायला घेतला तो मुंबईत कोण येतं, कोण जातं यावर नजर राहावी म्हणून. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला. रात्री थळच्या बाजूने उथळ पाण्यातून मराठ्यांची लहान तारवं सामान पोचवत राहिली आणि खोल बुडाच्या जहाजांना त्यांच्या मागे जाता आलं नाही. दीपगृह तिथे 1867 मध्ये उभं राहिलं. कोळी बांधव आजही खांदेरीच्या वेताळाला नारळ देऊनच पुढे जातात. लहान बोट उथळ पाण्यात जाऊ शकते आणि मोठी जाऊ शकत नाही, ही गोष्ट तेव्हा जेवढी खरी होती तेवढीच आजही आहे, आणि आमच्या कक्षातले निम्मे निर्णय याच गोष्टीभोवती फिरतात.

मग भरती. इथे मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ज्या जहाजाचं बूड फार खोल आहे, ते भरतीची वेळ साधूनच आत येतं किंवा बाहेर पडतं. तळ आणि बूड यांच्यात पुरेसं पाणी राहायला हवं. म्हणून भरती टिपेला येण्याच्या सुमारास पडद्यावर मोठे त्रिकोण एका रांगेत सरकायला लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी पिवळे ठिपके वाढतात. असं का होतं, मला कळेना. नियम कुणी मोडतंय का, म्हणून मी कॅप्टनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "डोल म्हणजे काय ते बघून या, मग बोलू."

डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते ओढत नाहीत. खुंटाला किंवा नांगराला बांधून प्रवाहात तोंड उघडं ठेवतात. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी जोराने वाहतं तेव्हा बोंबील, जवळा, करंदी त्यात शिरतात. उधाणाला प्रवाहाला जोर, म्हणून मासळीही जास्त. भांगाच्या दिवसांत कमी. आणि जाळं वर घ्यायचं ते पाणी क्षणभर थांबतं तेव्हा, म्हणजे भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या वेळात. मोठं जहाज आणि डोलीची होडी एकाच पंचांगावर चालतात. दोघांचीही वेळ चुकवायची सोय नाही. या एका गोष्टीने मला कोलकात्याच्या सगळ्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकवलं, आणि मला वाटतं, या किनाऱ्यावर बंदराचं कुठलंही नियोजन करणाऱ्याने ती आधी शिकायला हवी.

शिकाऊंना पायलटबरोबर, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याबरोबर, जहाजावर पाठवतात. आमच्या पडद्यावरचा त्रिकोण आतून कसा असतो ते कळावं म्हणून. पायलट बोट जहाजाच्या कुशीत शिरली तेव्हा समोर नुसती लोखंडी भिंत होती आणि तिच्यावरून लोंबणारी दोराची, लाकडी पायऱ्यांची शिडी. जहाजाने थोडं वळून वारा अडवला होता, तरी बोट वर-खाली होत होती. पायलटसाहेबांनी एकच सूचना दिली: "बोट लाटेवर पार वर उचलली गेली की त्याच क्षणी शिडी धरायची आणि वर चढायचं. खाली जात असताना धरली तर बोट पुढच्या लाटेला वर येऊन पायावर आदळते." मी धरली. चढताना काय वाटलं ते आठवत नाही. हातांना पीळदार दोर आणि मिठाचा ओलावा तेवढा आठवतो.

वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कमालीची शांतता. पायलट हळू आवाजात सुकाणूचा कोन सांगतो, सुकाणूवरचा खलाशी तो आकडा मोठ्याने पुन्हा म्हणतो, सुकाणू फिरवतो, आणि फिरवून झाल्यावर परत एकदा म्हणतो. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. 300 मीटरहून लांब जहाज या दोन माणसांच्या बोलण्यावर चाललं होतं. पायलटसाहेबांनी मला काचेजवळ बोलावलं आणि समोर काय दिसतं ते सांगा म्हणाले. मला कंटेनर दिसले, थरावर थर, पार नाळेपर्यंत. त्यांच्या पलीकडे एकदम लांबचं पाणी. मधलं पाणी नव्हतंच. कंटेनरांच्या आड गेलेलं होतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नाळेसमोरचा हा न दिसणारा पट्टा जहाजाच्या लांबीच्या दुपटीहून किंवा 500 मीटरहून, यांतलं जे कमी असेल त्याहून, मोठा असू नये. म्हणजे अर्ध्या किलोमीटरपर्यंत न दिसणं नियमात बसतं.

तेवढ्यात पुढे एक होडी दिसली. चौघं जण होते, दोघं वाकून जाळं ओढत होते, एकाच्या डोक्याला भगवा पंचा बांधलेला. पायलटसाहेबांनी भोंगा वाजवला: पाच छोटे आवाज. तुम्ही काय करताय ते आम्हाला कळत नाही, असा त्याचा समुद्रातला अर्थ. पंचावाल्याने मान वर करून पाहिलं आणि परत वाकला. होडी कंटेनरांच्या रेघेला टेकली आणि दिसेनाशी झाली. मी विचारलं, थांबवता येत नाही का. आमच्या भागात गाळपाच्या हंगामात उसाने लादलेली जोडट्रॉली अरुंद रस्त्याने येते, तिला ना बाजूला होता येतं ना पटकन थांबता येतं. तसंच काहीसं इथे होतं, आणि कैक पटींनी मोठं. कडेला गेलं तर बूड गाळात. वेग फार कमी केला तर सुकाणूवरून पाणी वाहत नाही आणि जहाज ऐकेनासं होतं. इंजिन उलटं फिरवलं तरी एवढं जहाज थांबायला किलोमीटरहून जास्त पाणी लागतं. आम्ही आठ नॉटने चाललो होतो. त्या वेगाला 500 मीटर पार करायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत ब्रिजवर कुणी बोललं नाही. पायलटसाहेब उजव्या बाजूच्या टोकाला जाऊन खाली वाकून पाहत होते. मग जहाजाच्या कडेने होडी बाहेर आली, हेलकावत. पंचावाल्याने हात वर केला.

मला त्या हाताचा अर्थ लावता आला नाही. राग असेल, सलाम असेल. म्हणून मी खालून पाहायचं ठरवलं.

आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे मामा करंजाचे. डोलीची बोट आहे त्यांची. सगळे त्यांना तांडेल म्हणतात, मी मामा म्हणायला लागले. पहाटे पाणी थांबायच्या हिशेबाने निघालो. बोटीवरचा दिवा म्हणजे बाजारात मिळतो तो रंगीत लुकलुकणारा एलईडी. जाळ्याच्या बोयांवरही तसलेच. नियमाप्रमाणे जाळं टाकून बसलेल्या बोटीने रात्री वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा; डोलीची आणि ट्रॉलची बोट दिव्यांवरून वेगळी ओळखू यावी म्हणून ट्रॉलला वर हिरवा. लुकलुकणाऱ्या रंगांतून जहाजावरच्या माणसाला काहीच कळत नाही, हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाय, तुमची जहाजा मोठी झाली. दर्या काय मोठा झाला नाय."

त्यावर मला उत्तर नव्हतं, आणि नियमपुस्तकातलं उत्तर तिथे द्यावंसं वाटलं नाही. नियमपुस्तक सांगतं, की अरुंद मार्गात 20 मीटरहून लहान बोटीने आणि मासेमारी करणाऱ्या बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवू नये. नियम बरोबर आहे. जहाजाला वळता येत नाही, होडीला येतं. पण करंजाच्या माणसाची डोल या पाण्यात बंदराच्या आधीपासून आहे. न्हावा-शेव्याच्या विस्तारामुळे आणि भरावामुळे मासेमारी गेली म्हणून उरण परिसरातल्या 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये दिला होता. जागा आकसत गेली की माणूस उरलेल्या पाण्यात सरकतो, आणि उरलेलं पाणी जहाजाच्या रस्त्याला लागून असतं. होडी तिथे का आहे, याचं हे कारण आहे. मामा बेफिकीर नाहीत.

जहाज आलं तेव्हा जाळं अर्धं वर होतं. खालून पाहिलं की जहाज नुसती नाळ असते, काळी, उंच, पांढरं पाणी फाडत येणारी. मामा जहाजाकडे पाहत नव्हते. वर, कंटेनरांच्या वर पाहत होते. "काचा दिसतान तवर बरा," ते म्हणाले. "काचा दिसल्या नाय की त्यालापन आपुन दिसत नाय." ब्रिजवर मी जे पाहिलं होतं ते त्यांना ब्रिजवर कधीही न चढता माहीत होतं. काचा दिसेनाशा व्हायच्या आत त्यांनी इंजिन चालू केलं, जाळ्याचा दोर मोकळा सोडला आणि बोट बाजूला काढली. अर्धं भरलेलं जाळं पाण्यात तसंच. ते जहाजाच्या पंख्यात सापडलं असतं तर जी किंमत मोजावी लागली असती, ती त्यांनी मला सांगितली. ती ऐकून मी गप्प झाले.

परतताना त्यांनी विचारलं, "तुमच्या टीवीवर आमी दिसताव का?" मी खरं ते सांगितलं. कधी दिसता, कधी नाही. पावसात बहुतेक नाही. मग मी रडार परावर्तकाबद्दल बोलले. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे कोपरे जोडून केलेला तो गोळा असतो, त्याला वीज लागत नाही, डोलकाठीला उंच बांधला की रडारची लहर आली तशी परत जाते आणि लाकडी बोटीचा ठिपका ठळक होतो. 20 मीटरहून लांब मच्छीमार बोटींना एआयएस बंधनकारक आहे. लहानांसाठी हा पत्र्याचा गोळा स्वस्तात मिळणारा उपाय. मामांच्या बोटीवर आता तो आहे. वरचे दिवेही बदललेत.

कक्षात परत आल्यावर मला कामाचा खरा अवघडपणा दिसायला लागला. आम्ही जहाजाला माहिती देऊ शकतो, इशारा देऊ शकतो, सल्ला देऊ शकतो, गरज पडली तर सूचनाही. पण ती सूचनाही काय साधायचं एवढीच. सुकाणू किती फिरवायचं, इंजिन किती कमी करायचं हे कप्तानाने ठरवायचं, कारण जबाबदारी त्याचीच राहते. म्हणून प्रत्येक संदेशाच्या आधी तो कुठल्या प्रकारचा आहे ते स्पष्ट म्हणायचं. 'इशारा: तुमच्या नाळेसमोर मासेमारी बोटींचा जमाव.' नुसतं 'काळजी घ्या' म्हटलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. सुरुवातीला मला हे शब्दांचं अवडंबर वाटायचं. आता लॉगबुकात मागे जाऊन पाहते तेव्हा जाणवतं, की घोटाळा टळलेल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नेमकं बोललेलं आहे आणि दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवलेलं आहे.

बोलणं तुटलं की काय होतं, याची आठवण या किनाऱ्याला आहे. 7 ऑगस्ट 2010, शनिवार, सकाळी दहाच्या आत. न्हावा-शेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा आणि मुंबई बंदराकडे येणारं खलिजिया-3 यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. दिवसाउजेडी. माणूस एकही दगावला नाही. चित्रा मात्र इतकं कललं की त्याच्यावरच्या बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी शेकडो पाण्यात पडले. काहींत कीटकनाशकं होती. सुमारे 800 टन तेल सांडलं. तरंगते आणि बुडालेले कंटेनर शोधेपर्यंत दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. रायगडच्या किनाऱ्यावर तवंग आला, तिवरं काळी पडली, आणि लोकांनी मासे खाणं सोडलं. टक्कर दोन मोठ्या जहाजांची, आणि तिचा फटका बसला तो ज्यांचं नाव कुठल्याच पडद्यावर नव्हतं त्यांना. कॅप्टनसाहेब नव्या शिकाऊला हा दिवस मिनिटामिनिटाने समजावून सांगतात.

रेवसच्या धक्क्यावर जुनी माणसं त्याहून मागची गोष्ट सांगतात. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. सकाळी बोट बुडाली आणि मुंबईला पत्ता लागेपर्यंत संध्याकाळ झाली. जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी पाण्यातून काढलं. मी रात्री सोळा नंबरचा गलका ऐकते तेव्हा आता त्याचा त्रास होत नाही. त्या सकाळी काशाच्या खडकापाशी असला एक आवाज असता तर, एवढंच मनात येतं.

आणि अगदी अलीकडचं, 18 डिसेंबर 2024 चं. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. उन्हं असताना, शहर नजरेच्या टप्प्यात असताना. पहिल्या मदतीला धावून गेलेल्यांत न्हावा-शेव्याची पायलट बोट होती, जवळपासच्या बोटी होत्या. पुन्हा तेच: ज्याला आधी दिसलं, तो आधी पोचला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली. मी आता मांडव्याला किंवा मोऱ्याला जाताना बोटीत पाहते. जॅकेट अंगात असतं, पण पट्टे सुटे असतात, किंवा ते बाकावर टेकायला घेतलेलं असतं. पट्टे न बांधलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं.

हे वाचणाऱ्यांत बोटींचे मालक आणि तांडेल असतील, त्यांना माझी विनंती आहे. ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली की पहिल्या रात्री बाहेर पडण्याआधी डोलकाठीला परावर्तक बांधा, नियमाचे दिवे लावा, आणि सेटचं बटण अडकलेलं नाही ना ते बघा; ते अडकलं की त्या वेळेत दुसऱ्या कुणाची हाक आमच्यापर्यंत येत नाही. मोठ्या जहाजाच्या काचा दिसेनाशा व्हायच्या आत बाजूला व्हा. आमच्याशी मराठीत बोला, आम्ही मराठीत उत्तर देतो. आणि तुम्ही नुसते प्रवासी असाल, सुट्टीला अलिबागला निघालेले, तर जॅकेटचे पट्टे बांधा, बोट भरली असं दिसलं तर पुढच्या फेरीला जा, आणि तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवा. तो 1554 आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.